मेझेनिनची चार मिनिटं

भेंडी काट्यावर ठेवली आणि पर्समधला फोन किणकिणला. फिल्म क्लबच्या शुभ्राचा निरोप होता, बोलून पाठवलेला. अनुपमानं तो कानाला लावला. "काकू, गुड न्यूज! शनिवारच्या शोला अजमानचे प्रल्हादकाका येतायत. ते एटी-फोरमध्ये पुण्याला तुमच्या त्या खेळाला होते म्हणे! त्या फेमस डायलॉगबद्दल ते डायरेक्टरना विचारणार आहेत. फर्स्ट क्वेश्चन त्यांनाच देतेय मी. तुम्ही फक्त ट्रान्सलेट करायचं, बस्स. किती मस्त ना?" आखातातल्या खलिफा सिटीच्या त्या सुपरमार्केटात काट्यापाशी उभी असलेली फिलिपिनो बाई पिशवीला लावायची चिठ्ठी बोटावर घेऊन थांबली होती. मागे दोन माणसं खोळंबली होती. आपण इथं कशाला आलो आहोत तेच अनुपमाला क्षणभर आठवेना. "मॅडम, खलास?" बाईनं विचारलं. "खलास," अनुपमा म्हणाली, पिशवी न घेताच वळली आणि बाहेर येऊन उन्हात उभी राहिली. एक्केचाळीस वर्षं ही गोष्ट तिनं कुणाला कळू दिली नव्हती. आणि आता ती चुणचुणीत पोरगी ती भर सभेत बाहेर काढणार होती, तेही तिच्याच तोंडून.

गोष्ट तशी एका वाक्याची. चौऱ्याऐंशी साली अनुपमा बावीस वर्षांची होती आणि डेक्कनवरच्या एका संस्थेत रशियन शिकत होती. त्या काळी पुण्यात रशियन शिकणं यात काही जगावेगळं नव्हतं. पुस्तकं स्वस्त मिळायची, शिष्यवृत्तीची आशा असायची आणि घरचे निदान नको म्हणायचे नाहीत. फिल्म क्लबवाल्यांकडे रशियन सिनेमे यायचे ते बहुतेकदा सबटायटलशिवाय. मग रशियन येणाऱ्या कुणाला तरी पकडून शेवटच्या रांगेत बसवायचं, समोर लाल कापड बांधलेला छोटा दिवा, हातात माईक, आणि पडद्यावरच्या सगळ्या माणसांचं बोलणं एकट्यानं मराठीत सांगायचं. म्हातारा, सून, पोस्टमन, पोर, सगळे एकाच आवाजात. लोकांना पहिली पाच मिनिटं हसू यायचं, मग तो आवाज कानाआड व्हायचा आणि माणसं सिनेमा बघायला लागायची. अनुपमा हे काम छान करायची. आर्सेनी मेझेनिनचा 'उत्तरेची विहीर' हा तिचा सातवा सिनेमा. संवादांची यादी आदल्या दिवशी हातात पडली होती, शेवटचं पान फाटलेलं. कथा एवढीच की लढाई संपून बारा वर्षं झाल्यावर एक माणूस उत्तरेकडच्या एका खेड्यात येतो, लढाईवर गेलेल्या मुलाची वाट बघणाऱ्या, विहिरीवर पाणी भरणाऱ्या म्हातारीपुढे उभा राहतो आणि विचारतो, "ओळखलंस का मला?" आणि म्हातारी बोलत नाही. नुसती बघते. दोर तिच्या हातात तसाच. वारा, विहिरीचा रहाट, तिचा चेहरा. एक मिनिट गेलं. अनुपमाला वाटलं, आवाजाची पट्टी गेली. दुसरं मिनिट गेलं. कुणीतरी खोकलं, कुणाची तरी खुर्ची करकरली, तीनशे माणसं आपल्या आवाजाची वाट बघतायत असं तिला स्वच्छ जाणवलं. फाटलेल्या पानावर नक्की काहीतरी होतं आणि ते आपल्याला ठाऊक नाही, या विचारानं तिचं धाबं दणाणलं. आणि मग तिनं माईक ओठांशी नेला आणि ती म्हणाली, "ये. तुझ्या वाटचं रोज काढून ठेवत होते."

थिएटरात हुंदका ऐकू आला. एक नाही, अनेक. पुढची दोन मिनिटं म्हातारी पडद्यावर गप्पच राहिली, मग तिनं बादल्या उचलल्या आणि ती घराकडे चालू लागली, दार तिनं लावलं नाही, आणि सिनेमा संपला. दिवे लागले तेव्हा लोक डोळे पुसत होते. एका मोठ्या समीक्षकानं पुढच्या रविवारी लिहिलं की सबंध युद्धपटांच्या परंपरेत या एका वाक्याच्या तोडीचं काही नाही. प्राध्यापक ते वर्गात सांगू लागले. भीतीनं बोलले, असं अनुपमा बरीच वर्षं स्वतःला सांगत राहिली. पण ते अर्धंच खरं होतं. भीती पहिल्या मिनिटाची. वाक्य बोलताना मात्र तिला बरं वाटलं होतं, फार बरं, आणि लोक रडले तेव्हा तर अंगावर मूठभर मांस चढलं होतं. त्या गर्दीत गुणवंत होता. केमिकल इंजिनिअर, सिनेमाशी घेणंदेणं नाही, मित्रानं ओढून आणलेला. बाहेर पायऱ्यांवर तो तिच्यासमोर आला आणि म्हणाला, "तुमचा आवाज होता ना? त्या विहिरीपाशी मला माझी आई दिसली हो." सहा महिन्यांनी त्यानं मागणी घातली. लग्नानंतर पुण्यात, आणि पुढे आखातात रुवैसच्या कंपनीच्या कॉलनीत, रिफायनरीची पाळी संपवून घरी आला की तो दाराशी थांबायचा, बूट हातात घेऊन. तिनं ते वाक्य म्हटल्याशिवाय आत यायचाच नाही. तीही म्हणायची. कधी लाडानं, कधी कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता, कधी भांडण झालेलं असताना दातओठ खात. "काय लिहून गेलाय मेझेनिन!" असं म्हणत तो ताटावर बसायचा. एक घास घेऊन पुन्हा म्हणायचा.

म्हणून मेझेनिन तिला सोडेना. लोक देवाधर्माला लागतात तशी ती त्याच्या आयुष्याच्या मागे लागली. रुवैसला तेव्हा कॉलनी, समुद्र आणि रिफायनरीच्या चिमण्यांवरची आग यापलीकडे काही नव्हतं. गुणवंत मॉस्कोहून येणारी मासिकं कुणाकुणाकडून मिळवून द्यायचा, पुढे इंटरनेट आलं. तिला मेझेनिनची माहिती तिच्या स्वतःच्या नणंदेपेक्षा जास्त होती. तो द्वीना नदीकाठचा, अडतीस सालचा. बाप लढाईवरून परतला नाही, आई नदीतून वाहत येणारे ओंडके मोजायची नोकरी करायची. मॉस्कोत सिनेमा शिकला. पहिलाच सिनेमा, एका नावाड्यावरचा, नऊ वर्षं कपाटात पडून राहिला. मग 'उत्तरेची विहीर'. त्यानंतर सहा वर्षं त्याला ट्रॅक्टर कारखान्यांवर आणि दात घासण्यावर माहितीपट काढायला लावले. देश मोडला तेव्हा दह्याच्या आणि बँकांच्या जाहिराती केल्या, आणि त्याही अशा चांगल्या केल्या की लोक हळहळले. साठीत वृद्धाश्रमातल्या बायकांवर तीन तासांचा माहितीपट काढला आणि जगाला तो पुन्हा आठवला. सहा वर्षं ट्रॅक्टर का, हे अनुपमाला कळलं ते दोन हजार नऊ साली. एका मुलाखतीत त्यानं सांगितलं होतं की स्टुडिओला विहिरीपाशी आईच्या तोंडी एक वाक्य हवं होतं. फक्त एक. तो नाही म्हणाला. चार मिनिटांची ती शांतता वाचवायला त्यानं सहा वर्षं दिली. रुवैसच्या स्वयंपाकघरात लॅपटॉपसमोर बसून अनुपमानं ते तीनदा वाचलं. तेवढ्यात दार वाजलं. गुणवंत बूट हातात घेऊन उभा होता, घामानं निथळत, हसत. सांगायचं तर तेव्हाच सांगायचं होतं. तिनं ते वाक्य म्हटलं आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

चार वर्षांपूर्वी गुणवंत गेला. सुजीतनं, तिच्या मुलानं, नातेवाइकांना पाठवलेल्या निरोपात बाबांच्या फोटोखाली ते वाक्य घातलं, खाली मेझेनिनचं नाव. तेव्हाही ती बोलली नाही. माणूस गेल्यावर काय बोलायचं, असं तिनं मनाला समजावलं. आणि आता मेझेनिन दुबईत होता. दोन वर्षांपूर्वी त्याची मुलगी इंगा त्याला घेऊन आली होती, आता सत्त्याऐंशी वर्षांचा तो, आणि दुबईच्या मराठी फिल्म क्लबला त्याचा पत्ता लागला होता. "प्रोग्राम मराठीतूनच," असा शुभ्राचा हट्ट. रशियन आणि मराठी दोन्ही येणारी बाई सगळ्या आखातात एकच. विचारलं तेव्हा अनुपमाला वाटलं होतं, जाऊ, त्याचे हात हातात घेऊ, निघून येऊ. वाक्याचं कुणाला आठवतंय? आता कळलं, आठवत होतं.

शुक्रवारचा अख्खा दिवस ती घरात फिरत राहिली. सुटकेची वाट सोपी होती आणि म्हणूनच तिला ती घाणेरडी वाटत होती. प्रल्हादराव मराठीत विचारणार, मेझेनिनला मराठी येत नाही, हॉलला रशियन येत नाही. मधे ती एकटी. प्रश्न बदलून टाकला तर जगात कुणालाही कळणार नव्हतं. "विहिरीचं शूटिंग किती दिवस चाललं, असं विचारतायत," एवढं म्हटलं की झालं. ते रशियन वाक्य तिच्या डोक्यात आपोआप तयार होऊन बसलं होतं, व्याकरणासकट. तिनं बाल्कनीतल्या तुळशीला पाणी घातलं, मग पुन्हा घातलं. अवनी, सुजीतची मुलगी, सोफ्यावरून म्हणाली, "आज्जी, यू ऑलरेडी डिड दॅट." "हो ग," अनुपमा म्हणाली. "ऐक ना, समजा तू एखादी गोष्ट खोटी सांगितलीस, आणि ती सगळ्यांना खूप आवडली, तर?" अवनीनं टॅबवरून मान वर केली नाही. "देन यू आर अ रायटर," ती म्हणाली. अनुपमाला हसू आलं आणि मग रागही आला. लेखक आपलं नाव तरी खाली घालतो. आपण दुसऱ्याचं घातलं, आणि ज्यानं त्या वाक्याविरुद्ध सहा वर्षं घालवली त्याचंच घातलं. संध्याकाळी अर्चनानं, सुनेनं, ताट वाढलं तेव्हा तिचं ठरलं होतं. उद्या प्रश्न जसा येईल तसा सांगायचा. एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. मग जे होईल ते होईल.

खेळ दुपारी चारचा होता. सुजीत गाडी चालवत होता, अर्चना आणि अवनी घरीच थांबल्या होत्या. दोन्ही बाजूंनी वाळू आणि दिव्यांचे खांब मागे पळत होते. "आई, मी तो पिक्चर कधी पूर्ण पाहिलाच नाही," तो म्हणाला. "आज बाबा पाहिजे होते यार. ही वुड हॅव बीन सो प्राउड. त्या डायलॉगला मी रडणार, आधीच सांगतो." अनुपमानं तोंड उघडलं. "सुजीत, ते वाक्य..." ऑफिसचा फोन आला. त्यानं तो घेतला आणि दुबई येईपर्यंत "येस, येस, इन्शाल्ला बाय मंडे" करत राहिला. ती फोन संपायची वाट बघू शकली असती, त्याच्या खांद्याला हात लावू शकली असती. लावला नाही. पण तिचा निश्चय ढळला नव्हता, एवढं खरं. फक्त सुजीतपुढे ते आधी, गाडीत, एकटीनं बोलायचं धैर्य तिच्यात नव्हतं.

मेझेनिन तिच्या कल्पनेपेक्षा लहानखुरा निघाला. एसीच्या थंडीनं लोकरी टोपी घालून बसलेला, डोळे मात्र टक्क. ती रशियनमध्ये बोलली तसा तो खुलला. "हे उच्चार कुठले?" त्यानं विचारलं. "पुण्याचे, आर्सेनी ग्लेबोविच," रशियन रिवाजानं बापाच्या नावासकट हाक मारत ती म्हणाली. "कुठं आहे ते?" "लांब आहे," ती म्हणाली. त्यानं तिचा हात थोपटला आणि दिवे गेले. प्रिंट नवी केलेली, खाली इंग्रजी सबटायटल. एक्केचाळीस वर्षांनी अनुपमा तो सिनेमा पुन्हा पाहत होती, आणि या वेळी हातात माईक नव्हता. विहीर आली. माणसानं विचारलं, "ओळखलंस का मला?" आणि म्हातारी गप्प राहिली. खाली सबटायटलची जागा रिकामी. पहिल्या मिनिटाला अनुपमाला तेच वाटलं जे तेव्हा वाटलं होतं: काहीतरी बोला कुणीतरी. दुसऱ्या मिनिटाला तिला म्हातारीच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं जे त्या वेळी दिसलंच नव्हतं, कारण त्या वेळी ती कागद बघत होती. म्हातारी त्या माणसाला ओळखत होती असं नाही. ती नाही म्हणायचं की हो म्हणायचं हे ठरवत होती. परका असला तरी हो? मुलगा असला तरी नाही? दिवे लागले तेव्हा टाळ्या जरा बावचळलेल्या होत्या. तिसऱ्या रांगेतून सुजीत मागेपुढे बघत होता आणि तिच्याकडे बघून खांदे उडवत होता: कुठं गेला डायलॉग?

स्टेजवर दोन खुर्च्या, दोन माईक. प्रल्हादराव उभे राहिले, सत्तरीचे, पांढरा झब्बा, एकेकाळी कुठल्याशा कंपनीत ड्राफ्ट्समन. "मी हा चित्रपट चौऱ्याऐंशी साली पुण्यात पाहिला," ते म्हणाले. "विहिरीपाशी आई म्हणते, 'ये. तुझ्या वाटचं रोज काढून ठेवत होते.' त्या वाक्यावर मी जगलोय साहेब. घर सोडून इथं आलो तेव्हा ते मनात होतं. नव्या प्रिंटमधून ते का काढलंत? राग मानू नका, पण तुम्ही स्वतःच्या हातानं चित्रपटाची माती केलीत." हॉलमध्ये माना डोलल्या. मेझेनिन अनुपमाकडे वळला आणि थांबला. तयार असलेलं ते रशियन वाक्य जिभेवर आलं. शूटिंग किती दिवस चाललं. तिनं ते गिळलं. मग तिनं प्रश्न जसाच्या तसा सांगितला, माती केलीत हेसुद्धा, आणि त्यानं तोंड उघडायच्या आत रशियनमध्येच म्हणाली, "ते वाक्य तुमच्या सिनेमात कधीच नव्हतं. तेव्हा माईकवर मी होते. ते मी घातलं." पुढच्या रांगेत इंगाची मान झटकन वर झाली. अनुपमा हॉलकडे वळली. "प्रल्हादराव, त्यांनी काही काढलेलं नाही. त्या दिवशी शेवटच्या रांगेत मी बसले होते. ते वाक्य माझं होतं."

प्रल्हादराव हातात माईक धरून तसेच उभे. मेझेनिननं तिला ते वाक्य मराठीत म्हणायला लावलं. ती म्हणाली. मग त्यानं अर्थ विचारला, तिनं तो सांगितला. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तो बोलू लागला, हळू, तिच्याकडे बघत. ती भाषांतर करू लागली. दुभाष्यानं 'ते म्हणतात' असं म्हणायचं नसतं, समोरच्याचा 'मी' आपल्या तोंडी घ्यायचा असतो, आणि तिनं आज तो नियम मोडला नाही. "स्टुडिओनं माझ्याकडे हेच मागितलं होतं," ती माईकमध्ये म्हणाली. "शब्द वेगळे, पण हेच. मी दिलं नाही. तो तिचा मुलगा आहे की नाही, हे मला माहीत नाही. माझी आई वारेपर्यंत बापाची वाट बघत होती, आणि तो आला असता तर तिनं त्याला घरात घेतलं असतं का, हेही मला माहीत नाही. लोकांनी हे ओझं घेऊन घरी जावं म्हणून मी तो सिनेमा काढला. बाई, तुम्ही त्या सगळ्या माणसांना माझ्या तावडीतून सोडवलंत. रडवून सोडवलंत. मला विचारलं नाहीत. तुम्ही वाईट केलंत." शेवटची चार वाक्यं तिनं स्वतःलाच उद्देशून, स्वच्छ आवाजात, हॉलला ऐकवली. शुभ्रा लगबगीनं पुढे आली. "ओके, काकू, इट्स ओके, सो इमोशनल... आपण नेक्स्ट क्वेश्चन घेऊ या का?" "थांब शुभ्रा," अनुपमा म्हणाली. "त्यांचं अजून संपलेलं नाही."

म्हाताऱ्यानं एकच विचारलं. तिनं ते आधी हॉलला सांगितलं: "इतकी वर्षं का नाही सांगितलंत?" मग त्याच्याकडे वळून तिनं उत्तर दिलं. चार वाक्यं, रशियनमध्ये, भराभर. परकी भाषा अशा वेळी बरी पडते. तीत आपलं माणूस कुणी ऐकत नसतं. मेझेनिननं टोपी पुन्हा डोक्यावर घातली, काढली, हातात धरली. इंगानं तोंडावर हात ठेवला होता. हॉल वाट बघत होता. दोन्हीकडचं सगळं पोचवणारी बाई आता मधेच का थांबली, ते कुणाला कळेना. सुजीत पुढच्या खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून वाकून बसला होता, बापासारखाच. अनुपमानं त्याच्याकडे बघितलं आणि माईक तोंडाशी नेला.

"मी आत्ता त्यांना जे सांगितलं ते असं," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्यानं ते वाक्य ऐकून मला मागणी घातली. छत्तीस वर्षं तो ते माझ्याकडून म्हणवून घ्यायचा, आणि त्याला वाटायचं ते एका मोठ्या माणसाचं आहे. ते माझं आहे हे मी त्याला सांगितलं नाही. माझं आहे हे कळलं, तर त्याला ते तितकं आवडणार नाही, अशी मला भीती वाटायची."